दोन चित्रांत उरकलेला हात

डोळा लागतोय की नाही, ते मला नीट कळत नाहीये. रविवारची दुपार आहे, अडीच वाजून गेलेत, स्टुडिओत माझ्याशिवाय चिटपाखरू नाही. टेबलाखाली सतरंजी टाकून आडवा झालोय. डब्यातली भरली वांगी जरा जास्तच झालीत. वर पंखा कुरकुर करतोय आणि कानात बर्व्याचा सकाळचा फोन अजून वाजतोय, "सहापर्यंत म्हातारा गेला पाहिजे हं, मुकुंद." गॅसचा रिकामा सिलेंडर परत पाठवायचाय, अशा सुरात. बर्वे आमचा निर्माता. माझं डोकं फिरलंय, आणि डोकं फिरलं की मला झोप येते, ही माझी लहानपणापासूनची खोड आहे.

म्हातारा म्हणजे थरथरे आजोबा. तुमच्या घरात लहान मूल असेल तर तुम्हाला ते माहीत असतील. टीव्हीवर 'घागरे सोसायटी' नावाची कार्टूनची विनोदी मालिका लागते, गेली साडेनऊ वर्षं. तिच्यात सेक्रेटरी घागरे आहेत, त्यांची कजाग बायको आहे, एक आगाऊ मांजर आहे आणि खाली बाकावर बसणारे थरथरे आजोबा आहेत. त्यांना प्रत्येक भागात दहा सेकंद मिळतात. कोणीतरी त्यांना चहा देतं, ते कप उचलतात, हात लटलट कापतो, चहा कोणाच्या तरी अंगावर, आणि आजोबा म्हणतात, "सांडला वाटतं!" झालं, संपलं त्यांचं काम. लोक पोट धरून हसतात.

ते मी काढले. आणि माझ्या वडिलांना समोर ठेवून काढले, यात काही गुपित नाही. टक्कल तेच, कानांवरचे पांढरे केस तेच, स्वेटरचं वरचं बटण खालच्या काजात घालायची सवयसुद्धा तीच. दादांचा उजवा हात तेव्हा नुकताच कापायला लागला होता. कंपवात म्हणाले डॉक्टर. दादांना जाऊन आता चौदा महिने झाले. आणि आता वाहिनीला आजोबाही नकोत. पाचशेवा भाग आहे, नवीन पात्रं आणायचीत, म्हातारं पात्र 'चालत नाही' म्हणे. म्हणून आजोबा स्वतःच्याच सांडलेल्या चहावरून घसरणार, कंपाउंडच्या भिंतीवरून उडणार आणि ढगात बसून म्हणणार, "सांडला वाटतं!" हा शेवट कोणी सुचवला? मीच. मीटिंगमध्ये सगळे हसले, मीही हसलो. आणि आज सकाळपासून पहिल्याच चित्रावर अडून बसलोय. शेवटचा म्हणून कप उचलणारा हात या वेळी नव्याने, जवळून काढायचाय, आणि तो काही केल्या निघत नाही.

पापण्या जड होतात. पंख्याचा आवाज लांब जातो, मग परत जवळ येतो. टेबलाच्या पलीकडे कोणीतरी उभं आहे. मला नुसते पाय दिसतायत. कॅनव्हासचे बूट, त्यांच्यावर वाळलेला चिखल. स्टुडिओत चिखल कुठून आला म्हणून मी आधी चिडतोच.

"हा कागद कोणी काढला?"

हा आवाज ओळखायला मला वेळ लागत नाही.

"मी," मी टेबलाखालूनच म्हणतो.

"बाहेर ये. वडीलमाणसाशी टेबलाखालून बोलतात?"

मी रांगत बाहेर येतो. छप्पन्न वर्षांचा माणूस, रांगत. दादा माझ्या खुर्चीपाशी उभे आहेत, ऑफिसचा पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशावर शाईचा डाग. त्यांचं वय काही ठरत नाही. खाली कागदाकडे बघतात तेव्हा पन्नाशीचे असतात, माझ्याकडे बघतात तेव्हा शेवटच्या आजारपणातले. कराडला मोजणी खात्यात त्यांनी चौतीस वर्षं जमिनींचे नकाशे काढले. हाताने रेघ मारायचे आणि साहेब पट्टी लावून बघायचा, पट्टी चुकली का म्हणून.

"दादा, तुम्ही तर..."

"मेलोय. माहितेय मला. ते सोड, याचं बोल." ते कागदावर बोट आपटतात. "हात कुठे कापतोय बघ. कप उचलताना. असा कापतो हात?"

मला काय झालं सांगू? आधी बरं वाटतं आणि लगेच त्याचा राग होतो. चौदा महिन्यांनी बाप भेटतोय. कसा आहेस नाही, बारीक झालास नाही. चित्रातली चूक!

"आलात ते चूक काढायलाच आलात!" मी म्हणतो.

"मग काय आरती ओवाळू?"

"जन्मभर तेच केलंत. शाळेत चित्रकलेत पहिला आलो तेव्हा काय म्हणाला होतात? 'झाडाची सावली उलट्या बाजूला पडलीय.' बक्षिसाकडे बघितलंतसुद्धा नाही!"

"पडलीच होती उलट्या बाजूला," दादा म्हणतात.

चित्राच्या खालून उजेड देणारी माझी काचेची पेटी आहे ना, तिचा उजेड वाढत जातो. इतका वाढतो, की डोळ्यांवर हात धरावा लागतो. हात काढतो तर ऊन आहे. माझं टेबल शेताच्या मधोमध उभं आहे. नांगरलेली काळी जमीन, बांधावर बाभळी, आणि बांधाच्या कोपऱ्यांवर खुणेचे दगड. प्रत्येक दगडावर कपबशी ठेवलेली. कप रिकामे आहेत. दादांनी मोजणीची साखळी खांद्यावरून उतरवलीय आणि तिचं एक टोक ते माझ्या हातात कोंबतात.

"मोजणीला गेलं की पहिलं काय करायचं?"

"साखळी टाकायची," मी म्हणतो.

"गाढवा! पहिलं बघायचं. दहा मिनिटं नुसतं उभं राहायचं आणि बघायचं. पाणी कुठून येतं, बांध कोणी कोरलाय, माणसं कुठे पाय ठेवतात. मग साखळी. तू बघितलंसच नाहीस."

"नऊ वर्षं काढलं तुम्हाला! नऊ वर्षं!"

"किती चित्रं काढलीस या हाताची?"

तुम्हाला सांगायला हरकत नाही. कापणारा हात दाखवायला फार काही लागत नाही. एक चित्र हात जरासा वर, दुसरं चित्र हात जरासा खाली. ती दोन आलटून पालटून पटपट दाखवली की हात कापतो. नऊ वर्षांपूर्वी मी ती एका दुपारी काढली, त्यांना 'हात एक' आणि 'हात दोन' अशी नावं दिली आणि तेव्हापासून प्रत्येक भागात तीच वापरली. सगळेच असं करतात. दर आठवड्याला भाग द्यायचा असतो, यात लाज वाटण्यासारखं काही नाही. तरी साखळीचं टोक माझ्या हातात जड होतं.

"दोन," मी म्हणतो.

"दोन?"

"दोन."

"माझा हात दोन चित्रांत उरकलास?"

दादांना मी इतकं चिडलेलं कधी बघितलेलं नाही. हयातीत ते चिडले की गप्प बसायचे, तेच जास्त वाईट होतं. आता त्यांच्या कपाळाची शीर फुगलीय. ते साखळी जमिनीवर आपटतात. तिच्या कड्या खणखणतात आणि खणखणतच राहतात, कपबश्यांसारख्या, आणि त्या कपबश्याच असतात. वाढपी ट्रे घेऊन फिरतोय. अत्तर, फुलं, जेवणाचा वास. कराडचं मंगल कार्यालय आहे. आमच्या अश्विनीचं, माझ्या पुतणीचं लग्न. हे खरंच झालेलं लग्न आहे, चार वर्षांपूर्वीचं.

खुर्च्यांच्या रांगेत दादा बसलेत. आणि दुसरे दादा चिखलाच्या बुटांनी माझ्या शेजारी उभे आहेत. कोणालाच त्याचं काही वाटत नाही.

"अर्धाच ओता हो काकांना!" माझा आतेभाऊ सुधाकर तिकडून बोंबलतो. "नाहीतर काय होईल?"

आणि अख्खी रांग एका सुरात, "सांडला वाटतं!"

हशा पिकतो. खुर्चीतले दादाही हसतात, मान हलवून हलवून हसतात. वाढपी अर्धा कप ओततो आणि पुढे जातो. आणि रांगेच्या टोकाला मी दिसतो. सिल्कचा झब्बा घातलेला मी, मोबाइल वर धरून व्हिडिओ घेणारा मी, हसून हसून डोळे पुसणारा मी. त्या माणसाच्या एक सणसणीत कानाखाली वाजवावी असं मला वाटतं. खरंच सांगतो, मी दोन पावलं पुढेही जातो.

"तिकडे काय बघतोस?" शेजारचे दादा माझा दंड धरतात. "माझ्याकडे बघ. तोंडाकडे नको, हाताकडे."

मी बघतो.

खुर्चीतल्या दादांचा उजवा हात मांडीवर पडलाय आणि कापतोय. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासतायत, जपमाळ ओढल्यासारखी. धोतराची निरीसुद्धा त्याच्याबरोबर हलतेय. मग ते कपाकडे हात नेतात. आणि हात थांबतो. काही न करता, आपला आपण, थांबतो. ते कप उचलतात, अर्धा चहा दोन घोटांत पितात, कप बशीत ठेवतात. बशी वाजतसुद्धा नाही. हात परत मांडीवर येतो, आणि मग परत कापायला लागतो.

"परत बघ," दादा म्हणतात.

परत तेच. मांडीवर कापतो, कपापाशी थांबतो.

"परत."

"दादा, हात थांबतो."

"थांबतो."

"कप उचलला की थांबतो."

"कामाला लावला की थांबतो. रिकामा बसला की कापतो. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तसाच असतो हा आजार सुरुवातीला. शेवटचे चार महिने सोड, तेव्हा सगळंच गेलं होतं. पण त्याआधी पाच वर्षं मी तुझ्या घरी होतो. डॉक्टर बोलत होते तेव्हा तू माझ्या शेजारीच बसला होतास."

"मला नाही आठवत."

"कसं आठवेल? मोबाइल बघत होतास."

मी आठवायला जातो. आमच्या हॉलमधला फिकट सोफा. जेवणाच्या टेबलावरचं पांढरं प्लास्टिक. दादांचे सदरे. वर्तमानपत्र, जे ते चहाबरोबर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचे. चहाचा एक डाग आठवत नाही. एक! टीव्हीवर मी त्यांच्याकडून पाचशेच्या आसपास कप सांडून घेतले आणि घरात त्यांनी थेंब सांडला नाही.

"एकदाही नाही ना?" दादा विचारतात.

"नाही."

"चौतीस वर्षं शाईच्या टाकाने रेघा मारल्या मी. चहा सांडेन?"

कार्यालयाच्या भिंतीला आमच्या स्वयंपाकघराचा ओटा लागून आहे, तो आत्ताच माझ्या लक्षात येतो. वधूवरांच्या मागेच गॅस पेटलेला आहे. माझी बायको नीलिमा पाठमोरी उभी राहून चहा गाळतेय. माझा कप भरते, तिचा कप भरते, दादांचा अर्धा. मग तो कपही जातो आणि त्याच्या जागी झाकणाचा पेला येतो, चोच असलेला, लहान मुलांना दूध देतात तसला. निळा. त्याच्यावर ससा आहे.

"दादा, चहा ठेवलाय हं," नीलिमा म्हणते. प्रेमाने म्हणते, ती कायम प्रेमानेच म्हणायची.

"तिला काही बोलू नकोस," दादा म्हणतात. "तिने टीव्हीवर बघितलं तेच केलं. सुधाकरने तेच केलं. कोपऱ्यावरचा तो चहावाला, त्यानेही तेच केलं, 'आजोबा, तुम्हाला कटिंगच देतो,' म्हणायचा. तू माझी मोजणी चुकवलीस आणि सगळ्या गावाने तीच खरी धरली. पाच वर्षं मी अर्धा कप चहा प्यायलो, मुकुंदा. आणखी अर्धा मागायची लाज वाटायची."

"मग सांगायचंत ना!"

मी किंचाळतो. गॅस विझतो, नवरा-नवरी वळून बघतात, मला त्याची पर्वा नाही. "तोंड नव्हतं तुम्हाला? बोलायचंत! ओरडायचंत! वर आणि सगळ्यांच्यात बसून हसायचात! मला काय स्वप्न पडणार होतं?"

"सांगितलं होतं. दोनदा."

"कधी?"

पण विचारता विचारताच मला आठवतं. लक्ष्मीपूजनाचा दिवस. ते काठी टेकत माझ्या टेबलापाशी आले होते. 'मुकुंदा, तो हात जरा बघ रे एकदा.' मी मान वर न करता म्हणालो होतो, 'हो दादा, बघतो.' आणि दुसऱ्यांदा, जेवताना. 'तुझा तो आजोबा एकदा पूर्ण कप पितो असं दाखव की.' आणि मी काय म्हणालो होतो? हसत हसत म्हणालो होतो, 'दादा, मग त्यात विनोद काय उरला?'

त्यांनी नुसती आमटी वाढून घेतली होती.

मला माझा राग येतो आणि तो मला सहन होत नाही, म्हणून मी परत त्यांच्यावर उलटतो. माझा स्वभावच तसला आहे.

"आणि तुम्ही? चित्रांसाठी डिप्लोमा सोडला तेव्हा दोन वर्षं बोलला नाहीत माझ्याशी. लोकांना सांगायचात, 'आमचा मुलगा बाहुल्या काढतो.' आईच्या देखत. एक चित्र कधी चांगलं म्हणाला नाहीत. आणि ही मालिका लागली तेव्हा पहिल्यांदा हसलात. मला वाटलं, आवडलं यांना. मला वाटलं, चला, एकदाचं आवडलं! मग मी काय ते बदलणार होतो?"

दादा ओट्याला टेकतात. त्यांचा उजवा हात खाली लोंबतोय आणि कापतोय.

"बाहुल्या म्हणायचो, ते चुकलं माझं," ते म्हणतात. "पण हसायचो का, ते ऐक आता. आईच्या माघारी मी तुझ्याकडे राहायला आलो. तू सकाळी जायचास, रात्री यायचास, आल्यावर तोंड मोबाइलमध्ये. पण त्या मालिकेच्या दिवशी लवकर यायचास. माझ्या शेजारी येऊन बसायचास. म्हातारा पडद्यावर आला की तू टीव्हीकडे बघत नव्हतास, माझ्या तोंडाकडे बघायचास. मी हसतो का ते बघायला. मग हसायचो मी. रडलो असतो तर आला असतास का परत?"

पायाखालची फरशी सपाट होत जाते. इतकी सपाट की तिला सांधाच नाही. राखाडी रंग, एकसारखा, मीच निवडलेला. वर निळं आभाळ, त्यातही एक ठिपका नाही. झाडाला, भिंतीला, कशालाच सावली नाही. आम्ही घागरे सोसायटीच्या कंपाउंडमध्ये उभे आहोत. हा बाक मी काढलाय, त्याचा डावा पाय आखूड झालाय आणि नऊ वर्षांत तो मी दुरुस्त केलेला नाही. दादा त्या बाकावर बसतात. आता त्यांच्या अंगात तो स्वेटर आहे, बटण चुकीच्या काजात. पुढ्यात जमिनीवर चहाचं तपकिरी डबकं, चकचकीत, कडेला काळी रेघ.

"यावरून घसरायचं मी?"

"तुम्ही नाही दादा. ते... ते पात्र आहे."

"पात्र? मग हे बटण कोणाचं आहे?"

मी बटणाकडे बघतो.

"मरायचं मला काही नाही," दादा म्हणतात. "एकदा मेलोय, दुसऱ्यांदा मरेन. ढगात बसव, नाहीतर उकिरड्यावर बसव. पण पाचशे भागांत एक कप चहा पोटात जाऊ दिला नाहीस त्याच्या. आणि तसाच मारतोस? एवढा कसा रे निष्ठुर झालास?"

निष्ठुर. हा शब्द त्यांनी माझ्यासाठी आयुष्यात कधी वापरला नव्हता. मी चिडावं म्हणतो, पण राग नेमका आता दगा देतो. डोळे भरून येतात. या जागेत डोळे भरलेले दाखवायचे तर दोन निळे थेंब काढावे लागतात, आणि मला माझेच थेंब गालावर टपोरे, निळे दिसतात. बघा, माझी रडारडसुद्धा स्वस्तातली.

बाकाखालून दादा किटली काढतात. ॲल्युमिनियमची, पोचे आलेली. मोजणीला जाताना बैलगाडीत असायची ती. ही मात्र काढलेली नाही, खरी आहे, तिच्यातून वाफ येतेय. कप भरतात. काठापर्यंत भरतात, आणि त्यावर आणखी थोडा, इतका की चहा काठाच्या वर फुगून उभा राहतो. दुसरा हात मांडीवर कापतोय, उजवा. ते डाव्या हाताने किटली खाली ठेवतात.

"बघ आता," ते म्हणतात. "आणि यावेळी बघ."

मी मांडी घालून समोर बसतो. राखाडी फरशीवर, डबक्याच्या शेजारी. उजवा हात मांडीवरून निघतो. निघताना कापतोय. अर्ध्या वाटेत कापणं बारीक होतं. कपाच्या कानाशी बोट येतं आणि सगळं शांत होतं. शिरा दिसतात, नखाखालचा जुना शाईचा रंग दिसतो, अंगठ्याच्या पेराला पडलेला घट्टा दिसतो. कप वर जातो. फुगलेला चहा हलत नाही. ओठाला लागतो. ते डोळे मिटतात. गळ्याची घाटी एकदा खाली जाते, परत वर येते. घाई नाही. एकेक घोट. संपल्यावर ते कप बाकावर पालथा घालतात. थेंब पडत नाही.

"बघितलंस?"

"बघितलं."

"मग सांग, किती चित्रं लागतील?"

मी मोजतो. इतकी वर्षं हेच करतोय, मोजल्याशिवाय राहवत नाही. "मांडीवरच्या हाताची सहा तरी लागतील. अंगठा वेगळा हलतो. मग उचलताना... कापणं कमी होत जातं, तिथे दहा. थांबल्यावर कमी. घोटांची... दादा, सगळी मिळून पन्नास-पंचावन्न."

"काढ मग."

"सहापर्यंत होणार नाहीत."

"नाही होणार तर नाही होणार. घाईत मोजणी केली की भावाभावांत डोकी फुटतात. मी बघितलीयत फुटलेली."

आणि ते दुसरा कप भरतात. तोही तसाच, काठाच्या वर. माझ्यापुढे धरतात.

"आता तू."

"गरम आहे, दादा."

"पी."

मी कप घेतो. माझा हात कापतोय. रागाने कापतोय की लाजेने, कोण जाणे, पण लटलटतोय, आणि चहा बोटांवरून, मनगटावरून, फरशीवर. मी मान खाली घालून वाट बघतो. आता म्हणतील. सगळ्या लोकांनी त्यांना म्हटलेले ते दोन शब्द आता ते मला म्हणतील, आणि त्यांना तो हक्कच आहे.

ते म्हणत नाहीत. किटली उचलतात आणि माझा कप परत काठोकाठ भरतात. चेहऱ्यावर हसू नाही, टोमणा नाही, काही नाही.

यापेक्षा म्हणाले असते तर बरं झालं असतं. माझ्या डोक्यात तिडीक जाते, त्यांची, माझी, बर्व्याची, सगळ्यांची, आणि मी तो उकळता चहा एका दमात घशात ओततो. जीभ भाजते. टाळू भाजतो. डोळ्यांतून पाणी येतं, यावेळी निळं नाही, खरं. मला त्यांना सांगायचंय. एकच गोष्ट सांगायचीय, की दादा, मी चुकलो, मला माफ करा. पण जीभ वळतच नाही, तोंडातून नुसतं 'आ, आ' निघतं.

"सावकाश प्यायचा असतो रे," दादा म्हणतात. आवाजातला राग गेलेला नाही, पण त्यांचा हात माझ्या डोक्यावर येतो. जड, कोरडा, आणि अजिबात न कापणारा.

टेबलाची कड माझ्या कपाळाला बसते. मी उठायला गेलोय आणि वर टेबल आहे. पंखा कुरकुरतोय. घड्याळात तीन चाळीस झालेत. स्टुडिओत कोणी नाही, फरशीवर चिखल नाही, मी वाकून बघतोसुद्धा. कपाळ चोळत 'आई गं' म्हणायला जातो आणि तोंडातून कळ निघते.

बेसिनच्या आरशासमोर जीभ बाहेर काढतो. टोक लालभडक झालंय आणि त्याच्यावर पांढरा फोड आलाय, ज्वारीच्या दाण्याएवढा. बोट लावतो तर झिणझिण्या येतात. मी नळ सोडून जिभेवर गार पाणी धरतो आणि तसाच वाकून बराच वेळ उभा राहतो.

मग टेबलाशी येतो. कपाटातून 'हात एक' आणि 'हात दोन' काढतो. नऊ वर्षांचे कागद, कडा पिवळ्या पडल्यात. फाडताना मला वाटलं होतं तेवढं काही वाटत नाही. मीटिंगसाठी काढलेलं ढगाचं चित्रही फाडतो. कोरा कागद लावतो आणि मांडी काढतो, धोतराची निरी काढतो, तिच्यावर हात, अंगठा पहिल्या बोटाकडे जाणारा. दुसरा कागद. तिसरा. बाराव्या कागदावर असताना बर्व्याचा फोन येतो.

"काय, गेला का म्हातारा?"

"नाही," मी म्हणतो. "तो घशरणार नाहीये. बशून चहा पिणार आहे. पूर्ण कप."

"काय? आणि विनोद?"

"नाहीये विनोद. आज दहा शेकंद कोणी हशू नये."

"वेडा झालास का? उद्या सकाळी भाग द्यायचाय! आणि असं बोबडं काय बोलतोयस? प्यायलायस की काय?"

"जीभ भाजलीय."

"कशाने?"

"चहाने."

"रविवारी?" बर्वे ओरडतो. "खालची टपरी बंद, आपला गॅस संपलाय, तुला चहा दिला कोणी?"

"दादांनी," मी म्हणतो. "भरून दिला." आणि फोन ठेवून तेरावा कागद लावतो.